फ्रीझरमधलं ताक

"केक म्हणजे काय मोठं? महाप्याच्या कंपनीत तीस वर्षं भट्टी सांभाळलीय मी!" बंडूरावांनी सानपाड्याच्या अख्ख्या सोसायटीला सांगून टाकलं होतं. त्या भट्टीत लोखंड वितळायचं, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

त्यांची एकुलती एक लेक नंदिनी वाढदिवसाला पुण्याहून येणार होती. आई गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच वाढदिवस. दरवर्षी गीतांजलीबाई ताक घालून चॉकलेटचा केक करायच्या. त्या गेल्यापासून बापलेकीचं फोनवरचं बोलणं "जेवलात का?" "जेवलो" एवढ्यावर आलं होतं. तसाच केक जमला तर पोरगी दोन दिवस जास्त राहील, अशी बंडूरावांची वेडी आशा!

आणि हुकमाचं पान फ्रीझरमध्ये होतं. गीतांजलीबाई उरलेलं ताक बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायच्या आणि केकला लागतील तेवढे खडे काढायच्या. त्या गेल्या, पण एक भरलेला ट्रे मागे राहिला. त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर लिहिलेलं 'ताक'. बंडूरावांनी अकरा महिने त्याला हात लावला नव्हता. खड्यांवर बोटभर हिम साचलं, तरी फ्रीज बंद करू दिला नाही. अधूनमधून नुसतं दार उघडून बघायचे आणि गार हवा लागली म्हणून डोळे पुसायचे.

मदतीला कराडहून थोरल्या बहीण चांगुणाबाई, म्हणजे अक्का, आल्या होत्या. सकाळी बंडूराव मैदा आणि कोको आणायला बाहेर पडले, ते जेवायलाच परतले. गरमागरम कढी होती. दोन वाट्या भुरकल्या.

"अक्का, कढी झकास! दही कुठून आणलंस?"

"दही कशाला आनतीय? बर्फाच्या खणात ताकाचं खडं पडलं हुतं की! वरीसभर कोन ठेवतं असं?"

बंडूरावांची वाटी ताटात आपटली. "अक्का! ते गीताचं ताक होतं!"

"मंग? घर गीताचं, ताक बी गीताचंच असनार!"

बायकोच्या हातचं शेवटचं ताक पिऊन वर ढेकर दिलेला माणूस रडणार तरी कोणत्या तोंडाने? बंडूराव गुपचूप हात धुऊन आले.

नंदिनी सहाला पोचणार होती. त्यांनी शेजारच्या सुचितावहिनींना गाठलं. "काका, टेन्शन नका घेऊ! कपभर दुधात चमचाभर लिंबू पिळा, दहा मिनिटं ठेवा. ताकाचं काम होतं."

दूध ठेवलं, मैदा चाळला, वळून बघतात तर अक्का गॅसपाशी काहीतरी ढवळत होत्या!

"दूध नासलं हुतं बग. साखर घालून आटवलं. कलाकंद झालाय! अन्न टाकू न्हाई."

"नासलं नव्हतं! मी नासवलं होतं!"

अक्कांनी भावाकडे फार कळवळून पाहिलं. बायको गेल्यावर बाप्या माणूस कसा होतो, हे त्यांनी गावात बघितलं होतं.

बंडूराव डेअरीकडे धावले. साधं ताक संपलेलं! मग दही आणून, निम्मं पाणी घालून घुसळलं आणि हातात रवी धरून त्या पातेल्यावर पहारा दिला. पहाऱ्याच्या नादात सोडा डबीतच राहिला. ओव्हनमधून बाहेर आला तो केक नव्हता, पाट होता!

सहाला बेल वाजली. भुवयांवर मैदा घेऊन बाप दारात उभा. धड 'ये' सुद्धा म्हणाला नाही.

"नंदू, आईचं ताक जपून ठेवलं होतं गं तुझ्या केकसाठी. कढीत गेलं. मीच प्यालो!" आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा बंडूराव हमसून हमसून रडले.

"कुठलं ताक, बाबा?"

"ट्रेमधलं. तिच्या अक्षरात लिहिलेलं."

नंदिनीने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "बाबा, ते माझं अक्षर. आईच्या तेराव्याच्या जेवणातलं ताक उरलं होतं. टाकवेना, म्हणून मीच भरून ठेवलं."

"म्हणजे केटररचं?"

"केटररचं."

"तरीच!" अक्का आतून ओरडल्या. "म्हटलं, ह्यात आदीच कोथमीर कशी!"

बंडूरावांना हसू फुटलं. नंदिनीलाही फुटलं, आणि हसता हसताच तिचा चेहरा पडला. घरात आईच्या हातचं आता काहीच उरलेलं नाही, हे दोघांना एकदमच कळलं होतं.

"राहशील ना दोन दिवस?"

"उद्या सकाळी निघायचंय, बाबा. सुट्टी नाही मिळाली." मग पाटाकडे बघत ती हळूच म्हणाली, "एक तुकडा बांधून द्या."

बंडूरावांनी अख्खा केक बांधून दिला. सुरी चालतच नव्हती!