गाडीसाठी मागितलेला जोर

नवस बोलण्याच्या बाबतीत माझा हात धरणारी बाई निदान आमच्या डिचोलीत तरी नसेल. ह्यांच्या बढतीसाठी मी नवस बोललेय, परसातल्या माडाने नारळ धरावेत म्हणून बोललेय, एकदा तर ऐन चवथीच्या तोंडावर मिक्सर फिरेना म्हणूनसुद्धा देवीला साकडं घातलंय. (मिक्सर फिरला. वीज आली होती, पण म्हणून काही मी नवस फेडायचा चुकवला नाही.) पण दोन वर्षांपूर्वी जत्रेच्या दिवशी, पेडण्यातल्या आमच्या गावच्या सातेरी देवीसमोर डोळे मिटून मी जो नवस बोलले, तसला नवस देवीनेही त्याआधी ऐकला नसावा.

"आई, आमच्या गाडीला गौरवीच्या गाडीपेक्षा जास्त जोर दे. चार चाकांचे चार नारळ वाहीन."

गौरवी म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती आणि गौरेश भावजी वास्कोला राहतात. आमच्या देवळात अशी रीत आहे की जत्रेच्या सकाळी दार उघडल्यावर जी सून पहिली ओटी भरते, तिचा नारळ धाकू गुरव देवीच्या पायांना लावून तिलाच परत देतो. तो मानाचा नारळ वर्षभर तिच्या देव्हाऱ्यात राहतो. मी थोरली सून. माझ्या देव्हाऱ्यात सगळं आहे, तेवढा नारळ नाही. तो दरवर्षी गौरवीकडे जातो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर येतो. मी त्याला हात जोडलेलं चित्र पाठवते.

मत्सर हा शब्द मी वापरणार नाही. पोटात जरा जळायचं, एवढंच. (डॉक्टर म्हणाले, ॲसिडिटी. ती नेमकी जत्रेच्या आठवड्यातच कशी उठते, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही.)

आता तुम्हीच विचार करा. वास्को कुठे, डिचोली कुठे. पेडण्याला आम्ही जवळ. तरी आम्ही पोचतो तेव्हा तिची गाडी वडाखाली लागलेली, गौरेश भावजींचा चहासुद्धा पिऊन झालेला. याचा अर्थ एकच. त्यांच्या गाडीत जोर जास्त.

हे मी आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांचं नाव कृष्णनाथ, काम सरकारी कचेरीत, आणि स्वभाव असा की मी बोलत असताना पेपर वाचतात. त्या दिवशी मात्र पेपर खाली ठेवला.

"जोर वाढवता येता," हे म्हणाले.

"कसा?"

"कंपनी गाडीचो जोर मुद्दाम हातचो राखून दिता. इंजिनाला एक कॉम्प्युटर असतो. त्याला लॅपटॉप लावून सेटिंग बदललं, की राखलेलो जोर मोकळो जाता. म्हापशाला एक तुषार म्हणून आहे, तो करतो."

ह्यांच्या चेहऱ्यावर इतकं तेज मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मला वाटलं, देवीच ह्यांच्या तोंडून बोलतेय. (नंतर कळलं, हे तीन महिने फोनवर त्याचेच व्हिडिओ बघत होते.)

तुषार हा अगदी सभ्य माणूस. त्याने स्टिअरिंगखाली एक वायर खोचली, लॅपटॉप बॉनेटवर ठेवला, आणि मी पुढे होऊन लॅपटॉपला हळद-कुंकू लावलं. तेवढं त्याने चालवून घेतलं. मग मी मीठ-मोहऱ्यांनी लॅपटॉपची दृष्ट काढायला घेतली, तेव्हा मात्र त्याने दोन्ही हात कळफलकावर पसरले.

"वैनी, मोहरी आत गेली तर गाडी उलटी चालेल."

"आणि नारळ?"

"नारळ रस्त्यावर फोडा. पलीकडच्या रस्त्यावर."

काम झाल्यावर त्याने ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "मूळ सेटिंग माझ्याकडे जपून ठेवलंय. कधी परत हवं झालं तर या." मी मनात म्हटलं, देवीने दिलेला जोर परत करायला कोण येतंय.

गाडी मात्र खरंच बदलली. पूर्वी ती चढावर ह्यांच्यासारखी कण्हत जायची. आता ह्यांनी पाय नुसता टेकवला तरी मान मागे जायची. सासूबाई गावाहून आल्या होत्या, त्यांना बाजारात नेलं, तर परत येताना म्हणाल्या, "तुमी गाडयेन फुडें वचात. हांव चलत येतां." देवीने मागितलेलं दिलं होतं, तेव्हा मी गावी जाऊन चार नारळ वाहिले. नवस फिटला. आता फक्त जत्रा उजाडायची होती.

जत्रेच्या सकाळी मी नेहमीसारखी उठले. घरच्या देवांची पूजा, मग अथर्वशीर्ष, मग तुळस, मग परसातल्या राखणदाराला दिवा, मग स्तोत्र. मधे एक ओळ राहिल्यासारखी वाटली म्हणून स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून. पोदेर हॉर्न वाजवत आला, पाव देऊन गेला. मग गाडीची पूजा. हे अंगणात किल्ली हातात फिरवत उभे.

"अगो, निघूया?"

"एवढी आरती करते. आता आपल्याला कसली घाई? जोर आहे ना."

जोर होताच. कोलवाळचा पूल कधी आला नि कधी गेला मला कळलं नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. मालपेच्या वळणांवर मांडीवरचं ओटीचं तबक माझ्या हातून निसटलं. तांदूळ माझ्या केसांत, हळद ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर, आणि नारळ मागच्या सीटखाली या दारापासून त्या दारापर्यंत धावतोय. तिसऱ्या वळणावर टक्कन आवाज आला. नारळ तडकला. खण पाण्याने भिजला.

पण पोचलो. आणि वडाखाली गौरवीची गाडी उभी.

गौरवी पायऱ्यांवरून खाली येत होती, ओटीत मानाचा नारळ. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या केसांकडे.

"वयनी, अक्षता कुणी टाकल्या? परत लग्न लावलं की काय?"

माझ्याकडचा तडकलेला नारळ तिला दिसला. तिने पिशवीतून दुसरा काढून माझ्या हातात ठेवला. "असू द्या, मी एक जास्तीचा आणतेच." तिने दिलेल्या नारळाने मी माझी ओटी भरली. त्या क्षणी पोटात जे काही झालं, त्याला ॲसिडिटी म्हणणं डॉक्टरांनाही जड गेलं असतं.

त्यानंतर गाडीने एकेक सोंगं काढली. चढावर काळा धूर सोडू लागली. समोरच्या स्नेहाने गच्चीवर पापड घातले होते, ते तिने मला आणून दाखवले. तिळाचे वाटत होते, तीळ नव्हते. डिझेल असं पिऊ लागली की पंपावरचे लोक ह्यांना नावाने हाक मारू लागले. मग एक दिवस समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तो विझेना. कंपनीच्या गॅरेजात नेली, तर त्यांनी आधी कॉम्प्युटर तपासला आणि म्हणाले, "इंजिनाचं सेटिंग कंपनीतून आलं तसं करून आणा, मग वॉरंटीचं बोलू."

"जाऊया तुषारकडे," हे म्हणाले. आवाज पडलेला.

"थांबा," मी म्हटलं. "जोर नवसाने आलाय. नारळ वाहून झालेत. फेडलेला नवस असाच उलटा फिरवायचा? देवी म्हणेल, हिला दिलं तरी पंचाईत, नाही दिलं तरी पंचाईत. आधी तिला विचारायला हवं."

आमच्याकडे देवीला विचारायचं म्हणजे प्रसाद लावायचा. धाकू गुरव मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. आम्ही शुक्रवारी गेलो. देवळात गावातली बरीच मंडळी होती, आणि खांबाला टेकून गौरवी बसलेली. सासूबाईंनी तिला फोन केला होता, "वयनी प्रसाद लावता, तूंय यो," म्हणून. मायेने केला होता. अशी माया वेळ बघून करावी.

धाकूने खणखणीत आवाज लावला. "गे माय सातेरी, ही तुजी लेक आज तुज्या पायांकडे उबी आसा. तिणें गाडयेक जोर मागलो, तो तुवें दिलो..."

"व्हय म्हाराजा," मंडळी म्हणाली.

"आतां तो जोर तिका सोंसना. कंपनीन जशी धाडली तशी ती गाडी करतली. तुजो होकार आसा जाल्यार उजवें दी..."

"व्हय म्हाराजा."

पाकळ्या हलल्या नाहीत. उजवी नाही, डावी नाही. मंडळी थांबली, मी थांबले, ह्यांनी घड्याळ पाहिलं. धाकूने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या चिकटून बसल्या त्या बसल्याच.

धाकू माझ्याकडे वळला. "वयनी, तुमी पुराय सांगूंक ना. नवस बोलताना जे शब्द होते, तेच सांगा. अर्दें सांगल्यार देवी उलयना, जबाब दिना."

"सांगितलं की. गाडीला जोर."

"तितलोच?"

मी देवीकडे पाहिलं. देवी माझ्याकडे पाहत होती. खोटं कुणासमोरही बोलवेल, तिच्यासमोर नाही.

"गाडीला जोर," मी हळूच म्हटलं, "गौरवीच्या गाडीपेक्षा जास्त."

धाकू थोडा कमी ऐकतो. "कोणाच्या?"

"गौरवीच्या."

"गे माय सातेरी," धाकूने असा आवाज लावला की बाहेर वडाखाली बसलेले म्हातारेही आत आले, "हिणें गाडयेक जोर मागलो तो गौरवीच्या गाडयेपरस चड..."

"व्हय म्हाराजा," मंडळी म्हणाली. या खेपेला जरा जास्तच मनापासून.

गौरवी उठून माझ्याजवळ आली. मी जमिनीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ऐकवणार, आणि ऐकवावंच. पण ती खरोखर गोंधळली होती.

"वयनी, आमच्या गाडीला कसला जोर? थोरल्या भावजींनी यांना विचारलं होतं, तेव्हा यांनी सांगितलं की त्यांना. आम्ही काळोखातच घरून निघतो. मी देवाला नुसता दिवा लावते, नमस्कार करते आणि गाडीत बसते. बाकीची पूजा इथे देवीपाशी येऊन करते."

आणि उजवी पाकळी पडली.

"उजवें दिलें," धाकू म्हणाला. आता देवीने हा होकार गाडीसाठी दिला, की गौरवीच्या बोलण्याला, ते त्याने काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

परत येताना गाडीत पिवळा दिवा तेवढा जळत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

ह्यांनी गिअर बदलला. "तुझी पूजा कमी कर म्हणून तुला कोण सांगणार? त्यापेक्षा इंजिनाचो जोर वाढवणं सोपं."

तुषारने पुन्हा स्टिअरिंगखाली वायर खोचली. मी लांब उभी राहिले, हातात काही न घेता, तरी त्याचं एक लक्ष माझ्यावर होतं. थोड्या वेळाने पिवळा दिवा विझला. "झाली. कंपनीतून आली तशी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "वैनी, जोर वाढवायला खूप लोक येतात. तो काढायला आलेल्या तुम्हीच पहिल्या."

कुठेतरी मी पहिली आले, ती अशी.

यंदाच्या जत्रेला गौरवी आदल्या दिवशीच आमच्याकडे राहायला आली. दोघी जावांनी काळोखात एकेक दिवा लावला, एकेक नमस्कार केला, आणि पोदेर यायच्या आत आम्ही सगळे आमच्या गाडीतून निघालो. गाडी कण्हत होती, पण धूर नव्हता. ठरलं होतं, दोघींनी मिळून पहिली ओटी भरायची. नारळ सहा महिने वास्कोला, सहा महिने डिचोलीला. वडाखाली एकही गाडी नव्हती. मी गौरवीचा हात घट्ट धरला.

पायऱ्यांवरून मालती उतरत होती. मालती म्हणजे गावातल्या आमच्या वाड्यावरची नवी सून, नोकरीसाठी मोरजीला राहणारी. ओटीत मानाचा नारळ.

"तू कशी आलीस गो?" गौरवीने विचारलं.

"पहिल्या बसने," मालती म्हणाली. "आज रिकामी होती. मस्त बसायला मिळालं."

गौरवीने हळूच पोटावर हात ठेवला. मी पर्समधली माझी ॲसिडिटीची गोळी काढली, अर्धी तिला दिली, अर्धी मी घेतली.

देवीकडे आता मी गाडीबद्दल काही मागत नाही. माझा नवा नवस अगदी साधा आहे, कुणाचं वाईट त्यात नाही, आणि या वेळी गौरवीसमोर मोठ्याने बोलूनच टाकलाय: पुढच्या जत्रेला ती पहिली बस जराशी, अगदी चहा पिण्यापुरती, उशिरा सुटू दे. गौरवीही तोच बोललीय. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, तर घरच्या देवापाशी उभं राहून तुम्हीही एकदा तोच बोला. नारळ आमच्याकडून.