खांबेट्यांची दुसरी खूण

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले खांबेटे नुसत्या बेलवर दार उघडत नाहीत. बेल वाजवायची आणि लगेच त्यांना मिस्ड कॉल द्यायचा. दोन्ही झालं तरच कडी निघते. नुसती बेल वाजली तर आतून आवाज येतो, "योगायोग असेल."

कर्वेनगरात राहायला आलो त्या दिवशी मी विरजण मागायला गेलो आणि दहा मिनिटं बाहेर उभा राहिलो. म्हटलं, "अहो, तुमचा नंबर नाही माझ्याकडे."

"मग तो घेऊन यायचं," आतून उत्तर.

खांबेटे खगोलशास्त्रज्ञ. निवृत्त झाले, पण काम सुटलं नाही. न्यूट्रिनो नावाचे कण फार लांबून येतात आणि पृथ्वीतूनही आरपार जातात. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात त्यातला एखादा सापडतो, आणि तो साधारण कुठल्या दिशेने आला एवढंच कळतं. मग खांबेटे उपग्रहाची नोंद उघडून बघतात की त्याच दिशेला, त्याच सुमारास एखादी दीर्घिका गॅमा किरणांत उजळली होती का. उजळली असेल तर कण तिथला.

"हे म्हणजे मार्केट यार्डात डोळे मिटून कांद्याचा वास घ्यायचा आणि गाळा सांगायचा," ते म्हणतात. "नुसत्या वासावर कोणाचं नाव घेऊ नये. दुसरी खूण पाहिजे."

हा नियम त्यांनी घरातही आणला, कारण माणूस मुळात घाबरट. अडकेल म्हणून लिफ्टने जात नाहीत. गॅसचा वास आला की मला बोलावतात. "अहो मोहिते, जरा तुमचं नाक आणा." दोन नाकांना आला तरच तो वास. मी बायकोजवळ त्यांची नक्कल करायचो, पण हळूहळू मीही झोपण्यापूर्वी शेगडी दोनदा बघायला लागलो. भीती अशी शेजाऱ्याकडून विरजणासारखी येते.

परवा सकाळी ते जिन्यात भेटले. चेहरा फुललेला. "एक कण आलाय, मोहिते. त्याच बाजूला एक दीर्घिकाही उजळतेय असं वाटतंय. दुपारी पक्कं करतो." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'वाटतंय' मी पहिल्यांदा ऐकलं.

बायको खराडीला लेकीकडे गेली होती. दुपारी जेवून उठलो आणि छातीत कोणीतरी गुडघा रोवावा तसं झालं. घाम फुटला. मी जमिनीवर बसलो, मग आडवा झालो. हाक मारायला गेलो तर आवाज निघेना. कसाबसा खांबेट्यांना फोन लावला, एक रिंग गेली आणि मोबाईल हातातून सुटून कपाटाखाली गेला.

मग मला खरी भीती वाटली. मरणाची होतीच, पण त्याहून जास्त त्या नियमाची. बेल कोण वाजवणार? समोरच्या दाराआड खांबेटे म्हणत असतील, योगायोग असेल. मी फरशीला गाल लावून दाराखालची फट बघत पडलो होतो.

फटीत पाय दिसले. आमची एक किल्ली त्यांच्याकडे असते, ती कुलपात खडखडली. दार उघडलं तेव्हा त्यांच्या मागे त्यांचं स्वतःचं दार सताड उघडं होतं. वॉचमनच्या मदतीने त्यांनी मला लिफ्टमध्ये घातलं आणि स्वतःही आत शिरले. रिक्षात सारखे विचारत होते, "मोहिते, ऐकू येतंय ना?"

"वेळेत आणलंत," डॉक्टर त्यांना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते खाटेशेजारी बसले होते. मी विचारलं, "दीर्घिकेचं काय झालं? पक्कं केलंत?"

"बघितलं नाही अजून. असेल तिथंच."

"आणि नुसत्या मिस्ड कॉलवर आलात? बेल कुठे वाजली होती?"

खांबेटे चष्मा पुसत राहिले. त्यांच्या पत्नी आम्ही कर्वेनगरात येण्याआधीच वारल्या होत्या. त्यांच्या घरात भिंतीवरचा फोटो बघायचो, पण कधी विचारलं नव्हतं.

"सुमन एकदाच म्हणाली होती, छातीत कसंतरी होतंय. मी म्हटलं, पुन्हा झालं की सांग."

त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत नाडी मोजली आणि नर्सला हाक मारली.

"अहो ताई, जरा तुम्हीही बघता का?"