देवाजीची ब्लाइंड

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीत देवाजीनं ठरवलं, यंदा तीन पत्ती खेळायची तर ब्लाइंडच. आदल्या दिवशी बायकोला, नलूला, घेऊन तो सिनेमा पाहून आला होता. त्यातला हिरो पत्ते न पाहता सगळं डावावर लावतो, व्हिलनला दरदरून घाम फुटतो आणि शेवटी तीन एक्के निघतात. देवाजी प्लांटमध्ये टाइम ऑफिसात कारकून. (लोकांच्या हजेरीचे आकडे तीन-तीनदा तपासणारा.) पण त्या दुपारी शेजारच्या क्वार्टरात, क्रेन चालवणाऱ्या पंजाबरावांकडे, तो गेला तो कॉलर उभी करूनच.

चिल्लर संपली तेव्हा त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून चादरीवर ठेवलं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं.

“अबे, पत्ते तं पाहून घे,” पंजाबराव म्हणाले.

“जरूरत नहीं,” देवाजी म्हणाला. (आवाज सिनेमातला.)

पंजाबरावांना घाम काही फुटला नाही. ते चिवडा खात होते. पत्ते उलटले. देवाजीकडे दुर्री, पंजी आणि नव्वी. त्यांच्याकडे राण्यांची जोडी.

सिनेमातली बायको अशा वेळी देव्हाऱ्यासमोर रडते. नलू चकल्या तळत होती.

“घड्याळ कुठं हाय?”

“हरलो.”

तिनं स्टोव्ह बंद केला. “बाबानं सोताच्या हातचं काढून देलं होतं ते,” एवढंच म्हणाली. रडू देवाजीलाच आलं.

नलूनं हात पुसले, चकल्यांचा डबा उचलला आणि निघाली. मागोमाग देवाजी.

तिला पाहून पंजाबराव ओशाळून उठलेच. “वैनी, घेऊन जा घड्याळ. आमी मजाक करून राहिलो होतो.”

“असंच कावून? हरले ते हरले. पत्ते वाटा. माझ्याकडून ह्या चकल्या.”

पंजाबरावांची बायको माहेरी गेलेली. डब्यातून ताज्या तळणाचा वास आला आणि ते मुकाट्यानं खाली बसले.

नलूनं पत्ते नीट पाहिले. पहिले दोन डाव सोडून दिले; चार चकल्या गेल्या. तिसऱ्या डावाला मात्र तिनं अख्खा डबा पुढे सरकवला. घड्याळासमोर डबा. चेहरा असा, की भाजीवालीशी कोथिंबिरीचा भाव करतेय.

“शो.”

पंजाबरावांकडे छक्क्यांची जोडी. नलूकडे सत्त्यांची.

अंगणात येऊन तिनं देवाजीच्या मनगटावर घड्याळ बांधलं.

“माहेरी भावायसंग खेळत होती मी,” ती म्हणाली. “पन आज भेव लय लागलं.”

“तीन एक्के नव्हते, तरी डबा लावला तू?”

“तीन एक्के कोनाले येते हो?”

देवाजीनं तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. सिनेमात हे दाखवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी पंजाबराव पत्त्यांचा जोड घेऊन दारात हजर. देवाजी झटकन उठून सदरा घालू लागला.

“तू बस गा,” पंजाबराव म्हणाले. “मी वैनीले बोलवाले आलो. तू चहा मांड.”