इंजिनाचा अंगरखा

शिंप्याच्या धंद्यात नाना तऱ्हेच्या अंगांची मापं घ्यावी लागतात. सुटलेली पोटं, एक खांदा उतरलेले कारकून, हौसेनं उसनी मिशी पिळणारे नवरदेव, सगळे माझ्या फितीखालून गेले. पण इंजिनाचं माप मी जन्मात एकदाच घेतलं, आणि तेही भर बाजाराच्या दिवशी, अर्ध्या आष्टीच्या डोळ्यांदेखत.

माझ्या दुकानासमोर पिठाची गिरणी होती. मालक जालन्याचे एक शेटजी, पण गिरणी चालवायचे भानुदासबापू, म्हणून गाव तिला बापूंचीच गिरणी म्हणायचं. एका थंडीत बापू सकाळीच माझ्या पायरीवर येऊन बसले.

"किसनराव, इंजनाला थंडी वाजून राह्यली. सकाळच्याला जल्दी उठत न्हाई. एक अंगरखा शिवून द्या, आतून कापूस भरून."

मी हसलो. बापू हसले नाहीत. मुकाट फीत गळ्यात टाकून त्यांच्यामागून गेलो. मी माप घेत होतो आणि बापू शेजारी उभे राहून बजावत होते, "गळ्याशी तंग नको, दम कोंडंल त्याचा. अन् गुंड्या नको, नाड्या लावा." उरलेल्या निळ्या कापडाचा अंगरखा शिवून दिला. काम आटोपलं की बापू इंजिनाला तो घालत, नाड्या बांधत, आणि स्वतः एका भोकाभोकांच्या घोंगडीवर हिवाळा काढत. बायको कितीतरी वर्षांपूर्वी वारली होती, त्यामुळं टोकणारं कोणी नव्हतं.

'दम' हा बापूंचा लाडका शब्द. इंजिन डिझेलचं, जुनंपुराणं. "आपल्या दमानं चालनारं हाय ते," बापू सांगत. "हवा आपली आपन ओढून घेतं. कोनाचा उपकार न्हाई." पिठानं त्याचा श्वास अडू नये म्हणून हवेची जाळी रोज उतरवून झटकायची. तेल धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून पाजायचं. थंडीत टाकीत ऊन पाणी घालायचं, आणि ते किती तापलंय ते कोपर बुडवून बघायचं, तान्ह्या पोराच्या अंघोळीचं बघतात तसं. मग हांडेल मारायचं. ते सुरू झालं तरी लगेच दळण नाही. एकदा पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांचा शिपाई गव्हाचं पोतं घेऊन आला. निजामाच्या राज्यात अमीनाचं पोतं म्हणजे बाकीच्यांनी बाजूला व्हायचं.

"बसा," बापू म्हणाले. "त्याला जरा दम घेऊ द्या."

"साहेब वाट बघतायत."

"इंजनाला सायब कळत न्हाई."

शिपाई बसला. काय करतो बिचारा. बापूंचं सगळंच काही शहाणपणाचं नव्हतं, हेही सांगतो. मिरची दळली की इंजिन रुसतं, ग्रहणात त्याला तेल पाजू नये, असले कायदे त्यांनी स्वतःच केले होते. पण इंजिन कधी बिघडलं नाही, त्यामुळं वाद कोण घालणार?

धुराच्या नळीच्या तोंडावर बुडाला भोक पाडलेला तुपाचा डबा बसवलेला होता. त्याच्यामुळं पुक्-पुक् असा आवाज रानोमाळ जायचा आणि गिरणी लागली हे बायकांना घरबसल्या कळायचं. डबे सगळ्याच गिरण्यांना असत. बापूंचा डबा मात्र दर दोन-चार दिवसांनी शिडी लावून हलवला जाई. जरा उगवतीकडं, जरा वर. सावरवाडीचा कोणी माणूस दिसला की पहिला सवाल ठरलेला, "आवाज येतो का? सकाळच्याला बराबर येतो?" हो म्हणणाऱ्याचं दळण रांग मोडून आधी निघायचं. नागपंचमीला कोणी दळत नाही, तरी बापू इंजिन रिकामं चालवत. "ज्या दिवशी इंजन बंद, त्या दिवशी समजायचं भानुदास गेला," असं ते बारा गावच्या लोकांना ऐकवत. मी दिवसभर त्या आवाजाला शिव्या घालत मशीन मारायचो.

सावरवाडी आष्टीपासून उगवतीला कोसभर. तिथं बापूंची एकुलती एक पोर, गिरजा, दिलेली. आता त्या लग्नाचं सांगायलाच पाहिजे, कारण त्यात माझाही माल वाया गेला आहे.

बापूंचे व्याही आबाराव म्हणजे मोठे मानी माणूस. लग्नासाठी त्यांनी माझ्याकडून पांढराशुभ्र लांब कोट शिवून घेतला. असा कोट मी पुन्हा शिवला नाही. वऱ्हाड वेशीत आलं, ताशे वाजायला लागले, व्याहीभेटीची वेळ झाली आणि मुलीचा बाप गायब. बापू लग्नाच्या दिवशीही 'जरा बघून येतो' म्हणून इंजिनाकडं गेले होते. निरोप मिळाला तसे धावत आले आणि रिवाजाप्रमाणं आबारावांना कडकडून भेटले. हात पुसायचं राहिलं. आबाराव वळले तेव्हा त्यांच्या पाठीवर काळ्या तेलाचे दोन पंजे उठलेले. ताशेवाला हसला, मग वऱ्हाड हसलं. मी तेवढा रडकुंडीला आलो.

जाताना आबाराव म्हणाले, "पोरगी आमची झाली. या काळ्या हातांच्या घरी आता तिला धाडनार न्हाई."

शब्द त्यांनी पाळला. दिवाळी गेली, पंचमी गेली, गिरजा माहेरी आली नाही. बापू बोलवायला गेले, तर बाहेरच्या ओट्यावर पाणी देऊन वाटेला लावलं. कोट तेवढा माझ्याकडं आला. रिठे, लिंबू, सगळं चोळलं. पंजे फिकट झाले, गेले नाहीत.

अशात शेटजींनी नवं इंजिन धाडलं. त्याच्या नळीला आवाज गिळून टाकणारा लोखंडी भोपळा होता. जुनं भंगारात द्यायचा हुकूम झाला. बापूंनी नव्या इंजिनात खोड काढायची बाकी ठेवली नाही. त्याचा रंगच उथळ आहे, इथपर्यंत मजल गेली. शेटजींच्या मुकादमानं एक ऐकलं नाही. संध्याकाळी बापू माझ्या पायरीवर येऊन बसले.

"किसनराव," ते म्हणाले, "माझ्या हातचं दुसरं काय पोचतं पोरीला? रोज सकाळी ह्यो आवाज जातो. तिला कळतं, बा उठला, हातपाय धड हायेत. आता तिला कसं कळायचं?"

इतकी वर्षं मी त्या आवाजाला शिव्या घातल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. मी चहा सांगितला.

नवं इंजिन सुरू झालं ते गावाला कळलंच नाही. बायका दुपारपर्यंत घरी वाट बघत बसल्या, मग टोपल्या घेऊन स्वतःच बघायला आल्या. दुसऱ्या दिवशी तर गिरणीसमोर ही गर्दी. आत पट्टा चढवणं चाललं होतं, म्हणून बायका अंगणात बसून राहिल्या. अंगणाच्या मधोमध जुनं इंजिन काढून ठेवलेलं, आणि बापूंनी त्याला उघडं पडू नये म्हणून माझा निळा अंगरखा नीट पांघरला होता.

एवढ्यात सावरवाडीची बैलगाडी भरधाव आली. गाडीतून रडणं ऐकू येत होतं. बायकांचा घोळका आणि मधे झाकलेलं काहीतरी बघून गिरजानं गाडी थांबायच्या आधीच उडी टाकली. "बा, मला सोडून कसा गेलास रे," म्हणत तिनं त्या अंगरख्याला मिठी मारली. बायकांना काही समजलं नाही, पण रडणारीला एकटं कसं सोडायचं, म्हणून दोघीतिघी तिच्याबरोबर रडायला लागल्या.

रडणं ऐकून बापू बाहेर आले. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरे, हात तेवढे काळे.

"बाई," त्यांनी गिरजाला विचारलं, "कोन गेलं?"

गिरजा अंगरखा सोडून उठली. मागं आबाराव उभे होते, अंगात तोच कोट. ते म्हणाले, "तुमीच गेल्ते. कालपून इंजन बंद हाय तुमचं. पोरीनं पान्याचा घोट घेतला न्हाई."

मग गिरजा बापाच्या गळ्यात पडली आणि सगळी पांढरी झाली. ती बाजूला झाल्यावर आबाराव पुढं झाले आणि त्यांनी बापूंना मिठी मारली. बापूंनी दोन्ही हात वर हवेत धरले, फौजदारानं पकडल्यासारखे.

"कोट खराब होईल," ते म्हणाले.

"लावा हात," आबाराव म्हणाले. "पयले तरी कुठं गेलेत अजून?"

बापूंचे हात हळूहळू खाली आले. मी कोटाकडं बघितलं नाही.

त्याच दिवशी नव्या नळीचा भोपळा उतरला आणि तुपाचा डबा चढला. शिडी आबारावांनी धरली होती, त्यामुळं मुकादम गप्प बसला. जुनं इंजिन भंगारात गेलं नाही. आबारावांनी ते आपल्या विहिरीवर नेलं, अंगरख्यासकट. गाडी हलताना बापूंनी नाड्या दोनदा तपासल्या.

आष्टीत जन्मभर न बिघडलेलं ते इंजिन सावरवाडीला गेल्यापासून मात्र दर आठवड्याला आजारी पडू लागलं. निरोप गिरजाचा असायचा, "बा, याला दम लागून राह्यला. बघून जा." बापू हात स्वच्छ धुऊन, मी शिवलेला सदरा घालून पायरीवर तयार बसत. आबारावांची गाडी न्यायला यायची. इंजिनाला झालंय काय, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.