तांबेभाऊंचं एका वेळी एक

तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत मी टाइम ऑफिसला होतो, तेव्हाची गोष्ट. दुपारच्या सुट्टीत आमचे नवे मॅनेजरसाहेब कँटीनमध्ये शिरले. सगळे ताडकन उठले. एक माणूस तेवढा बसून राहिला आणि भाकरीचा घास सावकाश चावत राहिला. साहेब त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "नाव काय तुझं?"

त्याने नुसतं बोट वर केलं. थांबा. घास संपवला, पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि मग उभा राहिला. "तांबे. ऑपरेटर. जेवत होतो. आता बोला."

पुढे काय बोलायचं होतं, ते साहेबांना काही केल्या आठवेना.

आमचे तांबेभाऊ हे असे. मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला वाशीच्या बैठ्या घरांत. एका वेळी एकच काम, हा त्यांचा कायदा. चहा पिताना पेपर नाही, चालताना गप्पा नाहीत. रस्त्यात कोणी हाक मारली तर जागच्या जागी थांबायचे, पूर्ण वळायचे आणि "हां, बोल," म्हणून तोंडाकडे बघत राहायचे. ज्याने नुसतं "काय, बरं ना?" म्हणायला हाक मारली, त्याची पंचाईत व्हायची.

सकाळी माझ्या खिडकीशी हाच तमाशा. मी एका हाताने रजिस्टर लिहितोय, दुसऱ्या हाताने त्यांचं कार्ड घेतोय, तर हे कार्ड सोडायचेच नाहीत. "आदी लिहून घे. मग माज्याकडे बघ. मी काय पळून नाय चाललो." मागे रांग शिव्या घालायची. हे ढिम्म.

"विहारात बसून बसून असे झालेत," लोक म्हणायचे. ते कानावर आलं की तांबेभाऊ म्हणायचे, "विहारात मी रविवारी जातो. बाकी सहा दिवस तुमच्यातच असतो की!"

साहेबांनी पुढच्याच महिन्यात नवी ऑर्डर काढली. आतापर्यंत एका रिअॅक्टरवर म्हणजे माल शिजवायच्या बंद टाकीवर एक ऑपरेटर असायचा. आता एकाने दोन सांभाळायचे. बाकीच्यांनी कुरकुरत सह्या केल्या. तांबेभाऊंनी कागद परत दिला.

"जड जातंय का तुला?" साहेबांनी विचारलं.

"नाय साहेब. मला जमंल. पण एकाचं प्रेशर बघताना दुसऱ्याचं चढलं, तर ते काय माझी वाट बघत थांबनार हाय?"

युनियनवाल्यांनी समजावलं, "तोंडदेखलं हो म्हणा, नंतर बघू." तांबेभाऊ म्हणाले, "तोंडदेखलंच हो म्हणायचं असतं तर भांडलो कशाला असतो?"

सस्पेन्ड झाले. चौकशी बसली. लिहून घ्यायला मला बसवलं होतं. चौकशी अधिकारी एका हाताने चहा पीत, एका हाताने फायली चाळत म्हणाले, "हं, बोला." तांबेभाऊ गप्प. अधिकारी चिडले, "बोला की!"

"तुमी चहा घ्या आदी. मी थांबतो. माज्या नोकरीचा सवाल हाय, तो अर्ध्या कानानं नको."

मी मान खाली घालून हसू दाबलं. अधिकाऱ्यांनी मात्र खरंच कप बाजूला ठेवला आणि पाऊण तास ऐकून घेतलं. तरी निकाल लांबलाच. एक महिना गेला.

त्या महिन्यात तांबेभाऊंच्या जागी दुसरे एक ऑपरेटर, गावडे, दोन रिअॅक्टर बघत होते. एके दुपारी ते इकडचा वाल्व फिरवत असताना तिकडचं मटेरियल उसळून बाहेर आलं. गावडे वेळेवर मागे सरले म्हणून वाचले; सगळी बॅच गटारात गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ऑर्डर गुपचूप मागे घेतली. तांबेंचं नाव कोणी काढलं नाही. त्यांच्यासाठी फक्त चार ओळींचं पत्र निघालं: कामावर हजर व्हावे.

ते पत्र घेऊन संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पूर्वी दोनदा गेलो होतो. वहिनी चहा देऊन आत जायच्या. बाई अबोल आहे, असंच मी धरून चाललो होतो.

पत्र वाचून तांबेभाऊंनी त्याची घडी घातली. आत गेले, वहिनींचा हात धरून त्यांना बाहेर आणलं आणि माझ्यासमोर बसवलं. "हिला सांग. सावकाश बोल. तोंड हिच्याकडं ठेव."

मला काही कळेना. तेव्हा ते म्हणाले, "लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ताप आला. कान गेले. ओठ वाचते ती. मी तोंड फिरवलं की हिच्यापुरता मी गप्प."

मी सांगितलं. अडखळत, एकेक शब्द. वहिनींचे डोळे माझ्या ओठांवरून हलले नाहीत. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"रोज घरी आलो की हिला दिवस सांगायचा असतो," तांबेभाऊ म्हणाले. "कोन काय बोललं, कोन हसलं, कोनाचं बिनसलं. हिचं जग तेवढंच. अर्धवट बघून आलो तर सांगू काय?" मग म्हणाले, "हा महिना लई वाईट गेला रे. सांगायला कायच नव्हतं."

वहिनी माझ्याकडे वळल्या. सपाट, जरा मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "गावड्यांच्या मुलीचं ठरलं का?"

गावड्यांचं कार्ड रोज सकाळी माझ्या हातातून जायचं. त्यांना मुलगी आहे, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

मी तांबेभाऊंकडे बघितलं. मग तांबेभाऊ उठले, वहिनींच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "उद्या बघून सांगतो."