घोरपडेकाकू माती धुतात

घोरपडेकाकू माती चाखायच्या. चिमूटभर जिभेच्या टोकावर ठेवायची, डोळे मिटायचे, थुंकायची आणि निकाल द्यायचा. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला आमच्या शेजारी राहणाऱ्या निखिलच्या या आई, सहा महिन्यांसाठी आलेल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या दारातल्या गुलाबाची माती चाखली आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "गोडी आहे गं. नशीबवान आहेस." तेव्हापासून बायको त्यांच्याकडे चहा घेताना कपात आधी डोकावायची.

सांगलीकडे माती परीक्षण प्रयोगशाळेत काकूंनी तीस वर्षं काढली होती. उसाला भरमसाट पाणी पाजून मिठाने पांढऱ्या पडलेल्या जमिनी त्यांनी इतक्या पाहिल्या होत्या, की कुठल्याही दुखण्यावर त्या एकच सांगायच्या, "आधी निचरा बघ." निखिलची सर्दी असो, माझं अडलेलं प्रमोशन असो. "तुंबलंय कुठंतरी. निचरा बघ."

एका शनिवारी मी त्यांना माझ्या अलॉटमेंटवर नेलं. म्हणजे कौन्सिल भाजी लावायला भाड्याने देते तो जमिनीचा तुकडा. शेजारच्या तुकड्यावर केन होता. रिटायर्ड पोस्टमन. बायको, जीन, गेल्यापासून तिच्या ग्रीनहाउसमधले टोमॅटो तो जिवापाड सांभाळत होता, आणि नेमके तेच मरायला टेकले होते. पानांच्या कडा करपलेल्या, मातीवर पांढरा पापुद्रा.

"आठवड्यातून तीनदा खत देतो," केन रडवेला होऊन म्हणाला. "जीनपेक्षा जास्तच देतो."

काकूंनी चिमूट उचलली. मी "काकू, नको!" म्हणेपर्यंत ती तोंडात गेली होती. केनने टोपी काढली. का, ते त्यालाही कळलं नसावं.

"खारट!" काकू थुंकल्या. "सांग त्याला, हे खत नव्हे, लोणचं घालतोयस. वर काच, पाऊस आत येत नाही. मग मीठ जाणार कुठं? धुवायला पाहिजे."

मी भाषांतर केलं. लोणचं वगळून.

"पण होजपाइपवर बॅन आहे!" केन म्हणाला. त्या उन्हाळ्यात पाणीटंचाईमुळे खरंच होता.

"हाताला आहे का बॅन?" काकू म्हणाल्या.

आधी त्यांनी वाफ्याच्या कडेने बाहेरपर्यंत उताराचा चर खणून घेतला. "वाट न काढता पाणी ओतलंस, तर मीठ तिथंच राहील आणि मुळंही कुजतील." मग पिंपातलं पावसाचं पाणी कॅनने ओतायचं, मुरू द्यायचं, पुन्हा ओतायचं. काकू पालथ्या बादलीवर बसून हुकूम सोडत होत्या, "स्लो! स्लो!" बाकीचे अलॉटमेंटवाले बघून हसत होते. कोणीतरी विचारलंही, टोमॅटोंना पोहायला शिकवताय का? चौसष्ट वर्षांचा केन कॅन वाहून घामाघूम झाला. माझ्या पाठीचं तर विचारूच नका.

तीन शनिवार हे चाललं. खत बंद. चौथ्या शनिवारी शेंड्याला नवी पानं आली, हिरवीगार, कडा शाबूत. केन झाडांसमोर उकिडवा बसून राहिला. "जीनचे टोमॅटो," एवढंच म्हणाला.

काकूंनी वाफ्यात बोट खुपसलं आणि गंभीर चेहरा केला. "सांग, अजून चार आठवडे यावं लागेल."

"काकू, पण माती सुधारली की."

"सुधारली रे, मागच्याच आठवड्यात," त्या हळूच म्हणाल्या. "पण घरी मुलगा आणि सून आपापल्या लॅपटॉपवर. इथं हा माणूस मला विचारून पाणी घालतो. मला विचारून कुणी काही करून किती दिवस झाले, माहितीय?"

मी केनकडे वळून शक्य तितक्या गंभीरपणे सांगितलं, अजून चार आठवडे.

केनने तजेलदार झाडांकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"चारच?" तो म्हणाला. "मला तर सहा लागतील असं वाटतंय." आणि कॅन भरायला गेला.