चपला कडेला काढून ठेवा

अमेरिकेत नेपरव्हिलला भोयर काकांच्या घरासमोरच्या हिरवळीवर पाय ठेवायचा असेल, तर चपला फुटपाथवर काढाव्या लागतात. पाहुणा असो, शेजारी असो, नियम एकच. "देवळात जाता तेव्हा विचारता का, का म्हणून?" असं काका म्हणतात. पार्सलवाला बिचारा लांबच्या वाटेनं ड्राइव्हवेवरून येतो.

मी त्यांच्या वरच्या खोलीत दोन वर्षं राहून शिकले. काका मूळचे नागपूरचे, निवृत्त इंजिनिअर, घरात एकटेच. शर्टाच्या खिशात पेन नसतं, सहा इंची पोलादी पट्टी असते. उन्हाळ्यात रोज सकाळी ओणवे होऊन गवत मोजतात. "साडेतीन इंच. याच्या खाली कापणारा माणूस घाईचा." पानगळीत शेजारच्या मेपलचं पान उडून आलं की "पाहुणे आले" म्हणून उचलून परत नेऊन ठेवतात. हिवाळ्यात सगळे वाटेवर मीठ टाकतात, काका टाकत नाहीत. मिठानं गवताची कड जळते म्हणे. त्यामुळे आम्ही दोघंही घसरून पडलो आहोत. "हाड जुळते पोरी, कड जुळत नाही."

त्यांचा मुलगा दूर रेडमंडला असतो. "त्यानं अंगणात खडी टाकली," हे काका इतक्या हळू आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात कुणी आजारी आहे.

आमच्या घरात कॉलेजात शिकणारी मी पहिली. माझे बाबा बार्शीच्या एका कॉलेजात माळी आहेत. हे मी काकांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हा "नोकरी करतात" म्हणून विषय बदलला होता. का, ते लिहितानाही बरं वाटत नाही.

या वर्षी बर्फ ढकलणाऱ्या गाडीनं दारासमोरचा हिरवळीचा तुकडा खरवडून नेला. एप्रिलमध्ये काकांनी तिथं बी पेरलं. काहीच उगवेना. मेमध्ये माझा पदवीदान समारंभ होता. आईबाबांना येणं जमणार नव्हतं, म्हणून गाऊन घालून फोटो इथंच काढायचा आणि त्यांना पाठवायचा, हे काकांनी ठरवून टाकलं होतं. "अन् मागे हे टक्कल दिसेल, बाप्पा," म्हणत ते त्या मातीपाशी उकिडवे बसून राहायचे.

एका रविवारी मी पायरीवर बसून बाबांशी व्हिडिओवर बोलत होते.

"मागं कोण बसलंय गं?" बाबा म्हणाले. "बी उगवंना व्हय? त्यांना इचार, आधी तणाचं औषध टाकलंय का."

मी अडखळत विचारलं.

"टाकलं ना, मार्चअखेर. दरवर्षी टाकतो," काका म्हणाले.

"मग कसं उगवंल? तण कुठलं, गवत कुठलं, औषधाला काय कळतंय."

काकांनी माझ्या हातातून फोनच घेतला. "भाऊ, तुम्ही काय करता?"

मी पायांच्या बोटांकडे पाहायला लागले.

"माळी हाय जी. तीस वर्षं कॉलेजाची हिरवळ माझ्याकडंच हाय."

काका माझ्याकडे वळले. ते खरंच रागावले होते. "एवढा मोठा माणूस तुझ्या घरात, अन् मी इंटरनेटवर व्हिडिओ पाहून राहिलो?"

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला फोन सुरू झाले. तेव्हा बार्शीत दुपारचे साडेचार वाजलेले, बाबांची संध्याकाळच्या पाण्याची वेळ. वरची दोन इंच माती काढली, नवी भरली, लवकर उगवणारं बी पेरलं, वर गव्हाचं काड पसरलं. कुणाचंही न ऐकणारे काका फोन मातीला टेकवून विचारायचे, "मास्तर, दिसून राहिलं का?"

माझ्या बाबांना आयुष्यात कुणी मास्तर म्हटलं नव्हतं.

समारंभाच्या दिवशी तिथं बाळाच्या जावळासारखं मऊ, विरळ गवत होतं. मी सँडल कडेला काढून, गाऊन घालून त्याच्या शेजारी उभी राहिले. काकांनी बाबांना व्हिडिओ लावला. बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. आई मागून म्हणाली, "अहो, बोला की लेकीशी."

बाबांनी टोपीनं डोळे पुसले. "डाव्या बाजूला पाणी कमी पडतंय," ते म्हणाले.

"लिहून घेतो, मास्तर."

मी त्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटले, की हे गवत माझ्या बाबांनी उगवून आणलंय. बार्शीतून.

जूनमध्ये मला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली. बॅगा गाडीत ठेवल्या तरी काका पट्टी घेऊन गवत मोजतच होते. मग उठले.

"आता गवत तर आलं," ते म्हणाले. "मास्तरांना विचारण्यासारखं काही उरलं नाही. तू पण चालली. मग सहाचा फोन..."

मी म्हटलं, "काका, बाबा चारलाच हातपाय धुऊन फोनची वाट बघत बसतात. आई चिडवते त्यांना."

काकांनी पट्टी पुसून खिशात ठेवली.

"तसं मागच्या कोपऱ्यात थोडं पिवळं दिसून राहिलं," ते म्हणाले. "उद्या विचारतो."

मागचा कोपरा मी सकाळीच पाहिला होता. हिरवागार होता.